खाटेची बत्ती

मास्तरांकडे कोणी नवं माणूस आलं की मास्तर आधी त्याच्या तोंडाकडे नाही, बाहीकडे बघायचे. मग पुढे व्हायचं, बाही दोन बोटांत धरून चोळायची आणि निकाल द्यायचा, "सूत बरं आहे, विणणाऱ्यानं घाई केलीय." समोर बँकेचा मॅनेजर असो की व्याही असो. एका लग्नात तर त्यांनी चक्क नवरदेवाचा शेला धरला, खिशातून कापड तपासायचं भिंग काढलं आणि मंगलाष्टकं चालू असताना धागे मोजायला लागले. भटजी थांबले. मुलीचा मामा थांबला. "चालू द्या, चालू द्या, मी काही अडवत नाहीये," मास्तर म्हणाले, "फक्त किनारीत एक धागा सुटलाय, ते सांगून ठेवतो." नवरदेवाची आई त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलली नाही. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही.

मास्तर म्हणजे आमच्या मिलचे वीव्हिंग मास्तर, कापड विणायच्या खात्याचे सर्वेसर्वा. मी त्यांच्याच गल्लीतली, त्याच मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते, कोण कधी आला नि कधी गेला ते लिहिणारी. मास्तरांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, वडील मिलमध्ये, आणि घरात बोलणं मराठी. मराठी म्हणजे आमच्या इंदूरचं, ज्यात क्रियापद तेवढं मराठी उरतं. "अगं, तो टेंपोवाला फालतू में पंचायत करून राहिला होता, मी त्याला एकदम सीधा करून टाकला," असं. पुण्याहून आलेले पाहुणे हसतात. हसू देत बापडे.

वीव्हिंग खात्यात मागांचा आवाज इतका असतो की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. काकू, म्हणजे मास्तरांच्या बायको, गच्चीवरून नुसते ओठ हलवायच्या आणि मास्तर कोपऱ्यावरून बरोबर कोथिंबीर नि आलं घेऊन यायचे. पण स्वतः मास्तर बोलायचे ते मात्र खात्यात असल्यासारखे. एकदा देवळात त्यांनी कोणाला तरी "हळू बोला" म्हणून सांगितलं, तर बाहेर चपलांपाशी बसलेला माणूससुद्धा दचकून गप्प झाला.

आता बत्तीचं सांगते, कारण मास्तर म्हणजे बत्ती. मिलमध्ये शेवटी शेवटी जे नवे माग आले, त्यांच्या डोक्यावर एक लाल बत्ती होती. ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला एखादा धागा तुटला की ती लागायची. मग विणकरानं माग थांबवायचा, धागा जोडायचा, पुढे चालू करायचं. मास्तरांचा नियम एकच होता: बत्ती लागली की हात थांबला पाहिजे. मग बोलणं, मग चहा, मग देव. एका विणकरानं काम लवकर उरकायला म्हणून बत्तीवर आपली टोपी घातली. कापडाच्या त्या ताक्यात वरपासून खालपर्यंत एक रेघ राहिली. मास्तरांनी त्यातला एक तुकडा कापून रुमाल केला आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला तो दाखवून दाखवून नाक पुसलं.

आणि नेमकं त्याच सुमाराला आमच्या गल्लीत उदारीकरण आलं, ते बत्त्या घेऊन आलं. ज्याच्या त्याच्या घरात नवीन वस्तू आणि प्रत्येक वस्तूवर एक बत्ती. टीव्ही बंद केला तरी खाली लाल टिपका राहतो, म्हणून मास्तर रात्री तो भिंतीपासून ओढून प्लग काढायचे. इस्त्रीचं तर विचारू नका. इस्त्री तापत असली की तिची बत्ती लागते. मास्तर बत्ती लागली की इस्त्री उभी करून ठेवायचे, आणि विझली की चालवायचे, तोवर मिलची वेळ व्हायची. त्यामुळे एक बाही कडक नि एक चुरगळलेली, अशा शर्टात हे गृहस्थ जगाच्या बाह्या तपासत फिरायचे. काकूंनी समजावलं, मुलानं समजावलं. "बत्ती खोटं बोलत नाही," हे त्यांचं उत्तर.

मग मिल बंद झाली. शहरातल्या एकेक मिला बंद पडतच होत्या, आमचीही पडली. मास्तर त्या दिवशी गेटवर चिकटवलेला कागद वाचत उभे होते आणि मी त्यांच्या शेजारी. ते रडले नाहीत, भडकले. "एक धागा तुटला तर बत्ती लागते," ते म्हणाले, "आणि एवढी मोठी मिल तुटली, एक बत्ती लागली नाही!" माझीही नोकरी त्याच कागदात होती. तरी त्यांचं हे वाक्य ऐकून मला हसू फुटलं आणि मग दोघांनाही फुटलं. रडण्यापेक्षा ते बरं वाटलं.

पुढे मास्तरांनी काय करावं? भंगारात निघालेल्या मागांपैकी काही उचलले, शहराबाहेर हातोद गावाच्या पलीकडे धान्याचं एक रिकामं गोदाम भाड्यानं घेतलं आणि आपल्या खात्यातले जुने विणकर गोळा केले. कोणी हातगाडी लावली होती, कोणी सांवेर रोडच्या एका कारखान्यात पहारा देत होता. "चला, बसा मागावर," एवढंच बोलले. मला म्हणाले, "तू मॅनेजर." मी म्हटलं, "मास्तर, मला कापडातलं काही कळत नाही." "म्हणूनच मॅनेजर," ते म्हणाले.

पडद्यांचं जाड सुती कापड विणायला लागलो. माल सुरेख, पण घेणारा नाही. हळूहळू हातचं सूत संपत आलं. अशात दिल्लीच्या एका शेठांनी, जे परदेशात माल पाठवायचे, नमुना बघून कळवलं की एकदा येऊन शेड बघतो. त्यांनी हो म्हटलं तर माग चालणार, नाही म्हटलं तर गोदामाला कुलूप. त्या विणकरांनी गेट बंद झालेलं एकदा बघितलं होतं. आता दुसऱ्यांदा, आणि तेही आपल्या हातून, ह्या विचारानं मास्तरांचं जेवणावरून लक्ष उडालं. शेव घातल्याशिवाय घास न घेणारा माणूस कोरी खिचडी खायला लागला, तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जरा बघ गं ह्यांच्याकडे."

सुताची ओझी न्यायला मास्तरांनी जीप घेतली होती. महूच्या छावणीतल्या एका रिटायर फौजी साहेबांची जुनी, फोर-व्हील. हातोदच्या पुढची काळी माती ओली झाली की बैल फसतात, तिथे फोर-व्हीलच पाहिजे, हा हिशेब. मोठ्या गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता. चिखल आला की तो ओढायचा म्हणजे पुढची चाकंही जोर लावतात, असं साहेबांनी घाईघाईत सांगितलं नि ते डेहराडूनला निघून गेले.

जीपची किल्ली फिरवली की क्षणभर समोरच्या सगळ्या बत्त्या लागतात आणि विझतात. मास्तरांना हे फार आवडलं. ते रोज हजेरी घ्यायचे. "तेल? हजर. ब्याटरी? हजर. ब्रेक? हजर." त्यातल्या एका पिवळ्या बत्तीवर चित्र होतं: मधे एक दांडी, वरखाली आडव्या दांड्या, चार टोकांना चार चाकं. कोणीही बघून सांगेल, उभी केलेली खाट. आता आमच्या इंदुरात कोणाचा सत्यानाश झाला की म्हणतात, खाट खडी झाली. त्यामुळे ह्या बत्तीचा अर्थ मास्तरांना कोणी सांगावा लागला नाही. "कंपनीनं साफ लिहून ठेवलंय," ते म्हणाले, "ही लागली की गाडीची खाट खडी."

पहिल्याच चिखलात मास्तरांनी छोटा दांडा ओढला. खाट लागली. मास्तरांनी तिथल्या तिथे गाडी बंद केली. दांडा परत ढकलला, खाट विझली, गाडी चालू केली, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुन्हा दांडा, पुन्हा खाट, पुन्हा बंद. शेवटी बैल आणून जीप काढली. म्हणजे चिखलासाठी घेतलेली जीप चिखलात बैल ओढायचे आणि बाकी रस्त्यावर मास्तर चालवायचे. विणकर चेकाळले होते. "भिया, फोर-व्हील मतलब दो बैल के चार-चार पेर," एकजण म्हणाला.

सांवेर रोडच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं नि म्हणाला, "सेन्सर गिया, भिया." त्या दिवसांत सगळ्यांचं सगळं सेन्सरमुळेच बिघडायचं. "सेन्सर म्हणजे काय?" मास्तर. "वो तो कंपनीवाले को पता." मग त्यानं आत जाऊन काहीतरी खुडबुड केली आणि सांगितलं, झालं काम. आम्ही निघालो. चौकाच्या अलीकडे जीप बंद पडली, मास्तरांनी किल्ली फिरवली आणि हजेरी सुरू केली. "तेल हजर. ब्याटरी हजर. ब्रेक हजर. खाट... खाट? अगं, खाट गैरहजर!" त्या पठ्ठ्यानं बल्बच काढून टाकला होता. मास्तरांनी भर ट्रॅफिकमध्ये जीप वळवली, गॅरेजवाल्याच्या पुढ्यात हात पसरला आणि "आमची बत्ती वापस करा" म्हणून असा आवाज लावला की शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं काम थांबवलं. बल्ब परत बसला, तेव्हाच ते हलले.

मग महूला एक जुने हवालदार भेटले, फौजेच्या वर्कशॉपात आयुष्य गेलेले. त्यांनी जीप वर्कशॉपमागच्या मातीत नेली, दांडा ओढला, खाट लागली. हवालदार मास्तरांकडे वळून म्हणाले, "बधाई हो."

"कशाची?" मास्तर चमकले.

"ये बीमारी नहीं है, मास्टरजी. ये बता रही है कि चारों पहिये काम पे हैं. कीचड़ में लगाओ, पक्की सड़क पे निकाल दो. कभी डंडा निकालने पे भी बत्ती न बुझे तो समझो अंदर अटक गया. सीधा-सीधा पीछे लो, खुल जाएगा."

मास्तर सगळं ऐकून घेतात, मानत काही नाहीत. परत येताना म्हणाले, "सगळे कामावर आहेत हे सांगायला बत्ती कशाला लागते? ते तर असायलाच पाहिजेत. बत्ती लागते ती कोणी काम सोडलं की. चांगली बातमी द्यायला लागलेली बत्ती मी जन्मात पाहिली नाही." मी म्हटलं, "मास्तर, आपल्या शहरात आत्ता चौघं कामावर असतील तर ती बातमीच आहे."  पण छोट्या दांड्याला त्यांनी त्या दिवसापासून हात लावला नाही.

आणि शेठ आले तो दिवस नेमका भादव्यातला, धो-धो पावसाचा. स्टेशनवरून त्यांना घेतलं. पांढरे बूट, हातात छोटी बॅग, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. हातोदच्या पुढे गेलो तर नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली. मग शेतातल्या कच्च्या वाटेनं निघालो, आणि अर्ध्यात जीप फसली. मागची चाकं नुसती चिखल उडवत होती. शेठांनी घड्याळ पाहिलं. मास्तरांनी देवाचं नाव घेऊन छोटा दांडा ओढला. खाट लागली. आणि ह्या गृहस्थांनी ब्रेक दाबून गाडी बंद केली!

"क्या हुआ?" शेठ.

"बत्ती लग गई."

"कौन सी बत्ती?"

"खाट की," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

शेठांनी वाकून बत्ती पाहिली, मग मास्तरांना पाहिलं आणि बॅग मांडीवर घेऊन ते दाराच्या कडीकडे बघायला लागले. मी मागच्या सीटवर. माझं डोकंच फिरलं. शेडमध्ये ती माणसं सकाळपासून आंघोळी करून, धुतलेले शर्ट घालून उभी, आणि इथे हे! मी ओरडले, "मास्तर! चारी चाकं कामावर आहेत. तुम्ही एकटेच गैरहजर आहात!"

मास्तरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कोणी त्यांना आजवर गैरहजर म्हटलं नव्हतं. मग त्यांनी किल्ली फिरवली, पहिला टाकला आणि जळत्या बत्तीवर गाडी पुढे घातली. आयुष्यात पहिल्यांदा. घाम फुटला होता त्यांना. नजर त्या खाटेवर खिळलेली. "तिच्याकडे नाही हो, रस्त्याकडे बघा!" मी म्हणते आहे, आणि जीप गुरगुरत, डुलत, चिखलातून वर निघाली ती निघालीच. "चालली! अगं, चालली गं!" मास्तर बोंबलले. शेठही घाबरायचं विसरून टाळ्या वाजवायला लागले.

शेडच्या सिमेंटच्या अंगणात पोचल्यावर शहाण्या माणसानं गाडी थांबवली असती. मास्तरांनी त्या बत्तीसकट चकरांवर चकरा मारल्या. विणकर बाजूला उड्या मारत होते.

शेठांनी मग सगळं पाहिलं. कापड उजेडात धरलं, भिंग लावलं, किनार ओढून पाहिली. मास्तर त्यांच्या बोटांकडे बघत उभे. शेवटी शेठ म्हणाले, "माल ठीक है. दिल्ली पहुँच के बताता हूँ." धंद्यात ह्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. विणकरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि एकानं शेठांसाठी आणलेला हार हळूच पिशवीत परत ठेवला. ते बघून मला भडभडून आलं.

नाल्याचं पाणी तोवर उतरलं होतं, म्हणून परत पक्क्या रस्त्यानं निघालो.  मास्तरांनी छोटा दांडा जागेवर ढकलला, पण खाट काही विझेना. स्टीअरिंग जड झालं, जीप कण्हायला लागली. मास्तरांनी लगेच थांबवली. "आता ही चांगली बातमी आहे की वाईट?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आता वाईट. अंगणात चकरा मारल्या त्याचं फळ. हवालदार म्हणाले होते ना, अटकली तर सीधा पीछे."

मागे शेडपर्यंत रस्ता सरळ होता. मास्तरांनी मान वळवली, एक हात शेठांच्या सीटमागे टाकला आणि जीप उलटी सोडली. शेठ पुढे तोंड करून बसलेले, स्टेशन त्यांच्यापासून लांब लांब चाललेलं. "मास्टरजी, मेरी गाड़ी उधर है!" ते म्हणत होते. "हो, हो, तिकडेच जायचंय," म्हणत मास्तर मागे मागे. गेटच्या आत शिरता शिरता खालून टक्‌ आवाज आला आणि खाट विझली.

पण आमचं कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं, कारण आतून मागांचा आवाज येत होता. शेठ गेले, ऑर्डर गेली, आणि ही माणसं विणत होती! शेठ उतरून दारापाशी गेले. आवाजात कोणाला चाहूल लागली नाही. एका मागावरची लाल बत्ती लागली. म्हाताऱ्या विणकरानं तत्क्षणी माग थांबवला, चार ओळी उसवल्या, धागा जोडला, बोटानं चाचपला आणि मगच पुढे चालू केलं. ते बघून शेठ थेट आत गेले. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "मैं तो चला गया था. अब किसके लिए बुन रहे हो?"

"आप गए, साब," त्यांचे ओठ वाचून म्हातारा ओरडला, "धागा थोड़ी गिया. वो तो चढ़ा हुआ हे."

शेठांनी नुकतंच विणलेलं कापड हातात घेतलं. ह्या वेळी भिंग काढलं नाही. मास्तरांकडे वळून म्हणाले, "माल आपसे ही लेंगे, मास्टरजी. जितना बुनोगे उतना. बस, अब स्टेशन सीधे मुँह ले चलिए."

मास्तरांनी हात वर करून सगळे माग थांबवले.  त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि ते पुसायचंही भान नाही. शेवटी कसंबसं म्हणाले, "उद्यापासून दोन पाळ्या."

पाळी हा शब्द मिल गेल्यापासून कोणी तोंडात घेतला नव्हता.  मग मागून आवाज आला, "ओ मास्टर साब, पाळी हे तो भोंगा कोन बजाएगा?"

मास्तर वळले ते सरळ जीपकडे पळाले. दार उघडायलाही थांबले नाहीत, खिडकीतून आत वाकले आणि दोन्ही तळहातांनी हॉर्न दाबून धरला. पलीकडच्या शेतातली माणसं उभी राहून बघायला लागली. शेठ कानांत बोटं घालून हसत होते. त्यांची गाडी सुटायची वेळ होत आली होती आणि मॅनेजर म्हणून ते सांगणं माझं काम होतं. पण मास्तरांचा हात काढायला कोणी पुढे झालं नाही, मीसुद्धा नाही.